मालवणातला शनिवारचा भाषणांचा वर्ग: लावाच, फक्त एक शनिवार कमी पडतो

आधी निकाल सांगते, मग बाकीचं. हा वर्ग लावा. माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा स्टार का कापला ते खाली येईलच, आणि तो विचार करून कापलाय.

तर मालवणात धुरीवाड्याच्या बाजूला एक रिटायर प्राध्यापक राहतात, मुंबईत कॉलेजात इतिहास शिकवायचे, आता गावच्या घरी येऊन राहिलेत. दर शनिवारी संध्याकाळी पाच ते साडेसात त्यांच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, वर्ग भरतो. आठ शनिवारांची एक बॅच, फी १,२०० रुपये, भाषणांची फाईल घेतलीत तर २०० वेगळे, चहा आणि खाजं त्यातच. नाव कुठे टाकू नका असं सरांनीच सांगितलंय म्हणून टाकत नाही, पण बाजारात कोणालाही भाषणवाले सर विचारा, घरापर्यंत आणून सोडतील.

या बॅचचा विषय होता अमेरिकेतल्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुका, १८२४ ते १८४०, आणि त्यात झालेली भाषणं. विषय वाचूनच अर्धी माणसं मागे फिरतात हे मला माहितीय, माझा नवरा पण म्हणाला की त्यांची दोनशे वर्षांपूर्वीची भाषणं ऐकायला आपण कट्ट्याहून मालवणाक कशाला जायचं, आणि तिसऱ्या शनिवारपासून तोच माझ्या आधी गाडी बाहेर काढून हॉर्न मारायला लागला.

वेगळेपण पद्धतीत आहे. सर लेक्चर देत नाहीत म्हणजे फार थोडं देतात, सुरुवातीला पंधरा-वीस मिनिटं, त्या वर्षी काय चाललं होतं, कोण उभा, कोण कोणावर रागावलेला, एवढंच. मग भाषण. सरांनी स्वतः मराठीत केलेलं. आपल्यातलाच एकजण तुळशीवृंदावनाजवळ उभा राहून ते वाचतो आणि बाकीचे सगळे खळ्यात पांगून बसतात, शेवटचे दोघे-तिघे पार कुंपणाजवळ माडाखाली. माईक नाही. मागच्याला ऐकू आलं नाही की तो हात वर करतो आणि हात वर झाला की वाचणाऱ्याने ते वाक्य परत घ्यायचं. बस्स, एवढाच नियम.

आणि या एका नियमाने जे कळतं ते पुस्तक वाचून कळलं नसतं असं माझं ठाम मत आहे. कागदावर ती भाषणं भयंकर लांब वाटतात, तोच मुद्दा तीन-तीनदा, वाक्यं संपतच नाहीत, माणूस वैतागतो. पण उघड्यावर, वाऱ्यात, मागे समुद्राचा आवाज चालू असताना तेच मोठ्याने वाचा, लगेच कळतं की तो मुद्दा तीनदा का घेतलाय. पहिल्यांदा पुढच्यांसाठी, दुसऱ्यांदा मधल्यांसाठी, तिसऱ्यांदा कुंपणावरच्यांसाठी. आपल्याकडे दशावतारात जुने नट रात्रभर माईकशिवाय बोलायचे, शब्द ओढून, शेवटचं अक्षर लांबवून, तसंच काहीतरी करायला लागतं आणि ते आपोआप यायला लागतं. आमच्यातला एक बँकेतला मुलगा, एरवी तोंडातल्या तोंडात बोलणारा, तो सहाव्या शनिवारी असा काही उभा राहिला की शेजारच्या घरातली माणसं गडग्यावर येऊन ऐकत बसली.

आता विषयात काय मिळतं ते. पहिला शनिवार मला सगळ्यात जास्त भिडला आणि गंमत म्हणजे त्या दिवशी उमेदवाराचं एकही भाषण नव्हतं. कारण उमेदवार बोलतच नसत! तेव्हा तिथली समजूत अशी की राष्ट्राध्यक्षपद हे मागायचं पद नाही, लोकांनी माणसाला शोधत यायचं, माणसाने पदाच्या मागे धावायचं नाही. जो स्वतःसाठी मतं मागत फिरेल तो हलका, सत्तेला हपापलेला. म्हणून उमेदवार घरी बसायचा आणि त्याच्या वतीने बाकीचे बोलायचे, पेपरवाले लिहायचे, मित्र पत्रकं छापायचे. आमच्या वर्गात एक ऐंशीच्या पुढचे आजोबा येतात, ते हे ऐकून एकदम म्हणाले, "म्हंजे नाथ पै घरात बसान ऱ्हवले असते तर?" वेंगुर्ल्याचे बॅरिस्टर नाथ पै राजापूर मतदारसंघातून १९५७, १९६२ आणि १९६७ असे तीनदा निवडून आले, त्यांच्या सभांना माणसं मैलोनमैल चालत यायची हे आमच्याकडे अजून सांगतात, आजोबा स्वतः लहानपणी वडलांच्या खांद्यावरून नव्हे तर चांगले तरुण असताना त्या सभांना गेलेले. ज्या मुलखात उमेदवाराचं भाषण म्हणजेच निवडणूक, तिथे बसून न बोलणाऱ्या उमेदवारांचा इतिहास ऐकणं हा अनुभव खरंच वेगळा आहे.

१८२४ ला चौघे उभे होते. जॉन क्विन्सी अॅडम्स, अँड्र्यू जॅक्सन, विल्यम क्रॉफर्ड आणि हेन्री क्ले. चौघांपैकी एकानेही प्रचारसभा घेतली नाही. पण मग विचार लोकांपर्यंत जायचे कसे, तर आडवाटेने. हेन्री क्ले तेव्हा प्रतिनिधीगृहाचा, म्हणजे आपल्या लोकसभेसारख्या सभागृहाचा, सभापती होता, मार्च १८२४ च्या शेवटी त्याने सभागृहात आयात करावर दोन दिवस भाषण केलं, नावाला विधेयकावरचं भाषण, पण छापून सगळीकडे गेलं. जॅक्सनने त्याच विषयावर एका डॉक्टरला खाजगी पत्र लिहिलं आणि तेही छापून आलं. सरांनी ही दोन्ही एकापाठोपाठ वाचून घेतली आणि त्यातला फरक ऐकताना कळतो, क्ले वकिलासारखा मुद्दे रचत जातो आणि जॅक्सन असं लिहितो की दोन्ही बाजूच्या माणसाला वाटावं हा आपलाच.

निकाल काय लागला ते बऱ्याच जणांना माहीत नसतं. जॅक्सनला ९९, अॅडम्सला ८४, क्रॉफर्डला ४१ आणि क्लेला ३७ इलेक्टोरल मतं (राज्याराज्यांतून निवडलेले प्रतिनिधी, म्हणजे इलेक्टर, राष्ट्राध्यक्षासाठी देतात ती), म्हणजे बहुमत कोणालाच नाही, मग प्रकरण प्रतिनिधीगृहात गेलं आणि ९ फेब्रुवारी १८२५ ला तिथे अॅडम्स निवडला गेला. क्लेने अॅडम्सला पाठिंबा दिलेला आणि पुढे अॅडम्सने क्लेला परराष्ट्रमंत्री केलं. झालं, जॅक्सनच्या माणसांना पुढची चार वर्षं बोलायला विषय मिळाला, सौदा झाला सौदा.

१८२८ चा शनिवार म्हणजे नुसता धुरळा. जॅक्सनच्या बायकोच्या आधीच्या लग्नावरून जे काही लिहिलं गेलं, जॅक्सनने सैन्यात असताना फाशी... म्हणजे गोळ्या घालून मारायला लावलेल्या सैनिकांच्या शवपेट्यांची चित्रं छापून वाटली गेली, ते ऐकून आमच्यातल्या दोघी-तिघींनी सरळ सांगितलं की आजचं बरं म्हणायचं. जॅक्सन निवडून आल्यावर शपथविधीच्या आधीच, डिसेंबर १८२८ मध्ये, रेचेल जॅक्सन वारली आणि तिच्या मृत्यूला ही बदनामीच कारण असं जॅक्सन मरेपर्यंत मानत राहिला. स्वतः जॅक्सनने प्रचाराचं भाषण केलं नाहीच, पण ८ जानेवारी १८२८ ला त्यानेच १८१५ ला इंग्रजांविरुद्ध जिंकलेल्या न्यू ऑर्लिन्सच्या लढाईच्या वर्धापनदिनाला बोटीने तिथे गेला, म्हणायला लष्करी समारंभ, पण गर्दी कशासाठी जमली ते सगळ्यांना कळत होतं.

त्याच वर्षीची अॅडम्सची एक गोष्ट सरांनी सांगितली ती मी अजून घरी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. अॅडम्स म्हणजे प्रचंड शिकलेला माणूस, पण लोकांत मिसळता न येणारा. ४ जुलै १८२८ ला एका कालव्याच्या कामाची सुरुवात त्याच्या हस्ते होती, भाषण चाललेलं, मग कुदळ-फावड्याचा मान. फावडं मारलं तर खाली झाडाचा बुंधा. तीन-चारदा मारलं, काही हलेना. मग राष्ट्राध्यक्षांनी अंगातला कोट काढून टाकला आणि परत फावडं घेऊन माती वर काढली, आणि लोकांनी जो काय जल्लोष केला म्हणता. अख्ख्या भाषणापेक्षा त्या कोट काढण्याचं लोकांना कौतुक, आणि हे अॅडम्सने स्वतः डायरीत लिहून ठेवलंय. सरांनी आधी ते भाषण वाचायला लावलं, आम्ही सगळे पेंगलो, आणि मग ही गोष्ट सांगितली. शिकवावं तर असं.

लोकांच्या जल्लोषाला किंमत का आली तेही आकड्यांत समजावलं, आणि हा भाग कोरडा असून कंटाळवाणा झाला नाही. १८२४ ला चोवीसपैकी सहा राज्यांत इलेक्टर अजून विधिमंडळच निवडायचं, लोक नाही. १८२८ ला अशी दोनच राज्यं उरली, डेलावेअर आणि साऊथ कॅरोलायना. मत द्यायला मालमत्ता हवी ही अट बऱ्याच ठिकाणी गेली. १८२४ ला मतं पडली साधारण साडेतीन लाखाच्या वर, १८२८ ला अकरा लाखाच्या वर, १८४० ला चोवीस लाख. ऐकणारा माणूस मतदार झाला की बोलणाऱ्याला घराबाहेर पडावंच लागतं. मतदार म्हणजे अर्थात गोरे पुरुष, बायकांना मत नाही, गुलामांचा तर प्रश्नच नाही, आणि न्यू यॉर्कने १८२१ मध्ये गोऱ्यांची मालमत्तेची अट जवळजवळ काढून टाकताना काळ्या पुरुषांसाठी मात्र २५० डॉलरची ठेवली. हे सर दरवेळी आठवण करून देतात ते बरं करतात.

आता चार्ल्स ओगलचं भाषण. यासाठी तरी वर्ग लावा.

एप्रिल १८४०, राष्ट्राध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्युरेन, देशात १८३७ पासून मंदी, बँका बुडालेल्या, लोकांकडे पैसा नाही. प्रतिनिधीगृहात राष्ट्राध्यक्षांच्या घराच्या दुरुस्ती आणि सामानासाठी ३,६६५ डॉलरची मागणी आली. पेनसिल्व्हेनियाचा, व्हॅन ब्युरेनच्या विरोधातल्या व्हिग पक्षाचा ओगल उठला आणि तीन दिवस बोलला. त्या एवढ्याशा रकमेवर तीन दिवस! घरात काय काय आहे याची यादी, आरसे किती, गालिचे कसले, पडदे, जेवल्यावर बोटं बुडवायच्या वाट्या, सोन्याचे चमचे, बागेतल्या मातीच्या उंचवट्यांवरसुद्धा बोलला. प्रत्येक वस्तूनंतर तोच सूर, गरीब माणूस असा जेवतो आणि तुमचा राष्ट्राध्यक्ष बघा कसा जेवतो.

हे वाचायला सरांनी बंदरावर माशांचा लिलाव करणाऱ्या एका काकींना उभं केलं. काकींचं शिक्षण बेताचं, वाचताना अडखळतात, पहिली दोन पानं तशीच गेली. मग यादी सुरू झाली. आणि यादी म्हटल्यावर काकी कागद लांब धरून, एक पाय पुढे टाकून, रोज टोपल्यांपुढे उभ्या राहतात तशा उभ्या राहिल्या आणि एकेक वस्तू, एकेक किंमत अशी फेकायला लागल्या की अंगावर काटा आला. किंमत सांगितली की क्षणभर थांबायचं, सगळ्यांकडे नजर फिरवायची, मग पुढची वस्तू. कोणी शिकवलेलं नाही हे. शेवटच्या रांगेतून एकही हात वर आला नाही. वाचून झाल्यावर काकींनी सरांना विचारलं, "सर, हो तीन दिस बोललो? मधी पाणी तरी पिलो काय?" तर सर म्हणाले, "पिलो असतलो गे, पन भांडा सोन्याचा नाय होता." सगळं खळं हसलं.

आणि हसून झाल्यावर सरांनी दुसरी बाजू मांडली. ओगलच्याच पक्षाचा एक सभासद, मॅसॅच्युसेट्सचा लीव्हाय लिंकन, त्याने सभागृहातच सांगितलं की हे बरोबर नाही, घरात उधळपट्टी झालेली नाही. पण त्याचं कोण ऐकतो, ओगलच्या भाषणाच्या हजारोंनी प्रती छापून वाटल्या गेल्या होत्या. वर व्हॅन ब्युरेन हा खानावळ चालवणाऱ्याचा मुलगा, आणि व्हिगांनी ज्याला गरिबांचा माणूस म्हणून उमेदवार केलं तो विल्यम हेन्री हॅरिसन व्हर्जिनियातल्या बड्या जमीनदाराचा मुलगा, बाप स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणारा! एका विरोधी पेपरने हॅरिसनला चिडवलं होतं की या म्हाताऱ्याला सफरचंदाच्या दारूचं एक पिंप आणि थोडी पेन्शन द्या, लाकडी खोपटात बसून राहील. व्हिगांनी तीच शिवी उचलली आणि खोपट हेच निशाण करून टाकलं, मिरवणुकीत चाकांवरची खोपटं, पिंपं, गाणी. हॅरिसनचं घर ओहायोत नदीकाठी चांगलं ऐसपैस होतं, त्याच्या एका भागात कधीकाळची लाकडी खोली होती एवढंच. खोटं इतक्या चांगल्या आवाजात वाचलं तर आपण पण टाळ्या वाजवतो, त्या संध्याकाळी आम्ही सगळ्यांनी वाजवल्या, आणि घरी जाताना गाडीत मी आणि नवरा यावरच बोलत होतो.

सातव्या शनिवारी ६ जून १८४०. ही तारीख फाईलमध्ये सरांनी लाल पेनाने लिहिलीय. ओहायोमधल्या कोलंबस शहरात, एका हॉटेलच्या पायऱ्यांवर, हॅरिसन उभा राहिला आणि स्वतःच्या उमेदवारीसाठी बोलला. राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवाराने असं करण्याची ही पहिली वेळ मानतात. वय ६७. विरोधक म्हणत होते की म्हातारा झालाय, भ्रम झालाय, त्याच्या पत्रांना उत्तरं पण कमिटी देते, तोंड उघडू देत नाहीत. त्यावर उत्तर म्हणून तो पायऱ्यांवर आला, की बघा मी उभा आहे, बोलतोय. पाच दिवसांनी फोर्ट मेग्सला परत बोलला, मग त्या उन्हाळ्यात वीसच्या वर भाषणं झाली. १० सप्टेंबरला डेटनला लाखभर माणूस होतं असा व्हिगांचा दावा. बोलला काय, तर राष्ट्राध्यक्षाच्या हातात सत्ता फार झाली, मी एकच कार्यकाळ घेईन, नकाराधिकार जपून वापरेन, आणि राष्ट्रीय बँक हवी की नको या प्रश्नावर असं काही की ज्याला जे ऐकायचंय ते त्याने ऐकावं. सरांच्या मते भाषण म्हणून साधारण आहे, माझं मत वेगळं आहे. मला त्यात एक म्हातारा माणूस जुनी रीत मोडताना मनातून थोडा अवघडलेला ऐकू आला आणि ते आजोबांनी वाचलं म्हणून जास्त जाणवलं, त्यांच्या आवाजाला कंप आहे तो तिथे शोभला.

जुन्या लोकांना हे अजिबात आवडलं नाही. अॅडम्स, तोच फावडंवाला, त्याने डायरीत लिहिलं की ही गावोगाव फिरून भाषणं करायची पद्धत देशात भयंकर वाढलीय. आणि रीत एका फटक्यात बदलली असंही नाही. १८४० ला इलिनॉयमध्ये हॅरिसनसाठी गावोगाव भाषणं करत फिरणाऱ्यांत एक तरुण वकील होता अब्राहम लिंकन, तो स्वतः १८६० ला उभा राहिला तेव्हा मात्र स्प्रिंगफिल्डला घरी बसून राहिला, प्रचाराचं एकही भाषण नाही.

व्हिगांचा नामांकित वक्ता डॅनियल वेबस्टर, त्याच्या भाषणांवर एकच शनिवार आहे पण तो भरगच्च आहे. ऑगस्ट १८४० मध्ये साराटोगाला तो म्हणतो की मी लाकडी खोपटात जन्मलो नाही, पण माझी मोठी भावंडं तिथेच जन्मली, आणि मग त्या खोपटाचं असं वर्णन करतो, बर्फ, धुराडं, आईवडलांचे कष्ट, की वाचणारी मुलगी मध्येच थांबली, तिला पुढे वाचता येईना. नंतर ऑक्टोबरमध्ये रिचमंडला त्याने खास बायकांपुढे भाषण केलं. मत नसलेल्या बायकांपुढे! सांगितलं काय, तर तुम्ही मुलांना चांगलं वळण लावा, तीच तुमची देशसेवा. आमच्या वर्गात बायका जास्त, यावर जी चर्चा झाली ती साडेसातला संपायची ती साडेआठला संपली आणि सरांनी एकदाही घड्याळ बघितलं नाही. माझं म्हणणं मी तिथे पण मांडलं आणि इथे पण मांडते, बायका सभांना आल्या, मिरवणुकांत उभ्या राहिल्या, त्यांच्याशी बोलल्याशिवाय चालत नाही हे वेबस्टरसारख्याला कळलं, म्हणजे त्या भाषणात त्याने सांगितलेल्यापेक्षा त्याला ते करावं लागलं हे मोठं.

शेवटी हॅरिसन जिंकला, इलेक्टोरल मतं २३४ विरुद्ध ६०, मतदारांपैकी जवळपास ८० टक्क्यांनी मत दिलं. शपथविधीला ४ मार्च १८४१ ला पावणेदोन तास बोलला आणि ४ एप्रिलला वारला.

आता कापलेला अर्धा स्टार.

हॅरिसनचं सगळं नाव ज्यावर उभं, ती टिपेकनूची लढाई, १८११ ची, ती कोणाविरुद्ध? तिथल्या मूळ रहिवाशांविरुद्ध, त्यांचा पुढारी टेकुमसे याच्या भावाच्या वस्तीजवळ. व्हॅन ब्युरेनचा उपराष्ट्राध्यक्ष रिचर्ड जॉन्सन, तो १८४० ला प्रचाराला फिरला तो कशाच्या जोरावर, तर टेकुमसेला मीच मारला या ख्यातीवर. जॅक्सनने १८३० ला कायदा करून त्या लोकांना त्यांच्या जमिनीवरून उठवलं, १८३८ ला व्हॅन ब्युरेनच्या काळात त्यांच्यातल्याच चेरोकी लोकांना सैन्य लावून हाकललं, वाटेत हजारो माणसं मेली. म्हणजे दोन्ही पक्षांच्या व्यासपीठावर हेच शौर्य आणि या शौर्यावर वर्गात वेळ किती, तर पाचव्या शनिवारी शेवटची वीस-पंचवीस मिनिटं. गुलामगिरीचं पण तेच, दोन्ही पक्ष १८४० ला तो विषय टाळत होते हे सर सांगतात, पण टाळणं ऐकू कसं येणार? जेम्स बर्नी गुलामगिरीविरुद्ध म्हणून उभा राहिला, त्याला जेमतेम सात हजार मतं पडली, त्याच्या बाजूचं एखादं भाषण फाईलमध्ये असायला हवं. चेरोकींचा प्रमुख जॉन रॉस काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला, अर्जावर अर्ज लिहीत होता त्याच वर्षांत. तो अर्ज वृंदावनाजवळ उभं राहून कोणीतरी वाचायला हवा होता, ओगलच्या चमच्यांनंतर लगेच. मी सरांना हे सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं, नववा शनिवार वाढवायचा विचार करतो म्हणाले. वाढवाच सर. फी दीडशेने वाढली तरी लोक देतील.

बाकी बारीकसारीक तक्रारी. फाईलचं अक्षर फार बारीक, संध्याकाळी साडेसहानंतर त्या एका बल्बखाली चाळिशीवाल्यांचे हाल होतात. खुर्च्या प्लास्टिकच्या, अडीच तासांत पाठ धरते, उशी आणा. ऑनलाइनची सोय आहे म्हणतात पण घेऊ नका, रेंज जाते आणि मुळात मोबाईलवर ऐकलं तर कुंपणाजवळ बसण्याचा अर्थच गेला. ऑडिओ मात्र ग्रुपवर टाकतात, एखादा शनिवार चुकला तर कामाला येतो, काकींचं ओगल तर मी तीन जणांना पाठवलंय. लहान मुलांना आणू नका, बारा-तेराच्या पुढचं असेल आणि वक्तृत्व स्पर्धेत वगैरे भाग घेत असेल तर जरूर आणा, शाळेत पाठ करून हातवारे करायला शिकवतात त्यापेक्षा इथे चार गोष्टी खऱ्या शिकेल. इंग्रजी येण्याची गरज नाही. अमेरिकेचा इतिहास माहीत असण्याची पण नाही.

पुढची बॅच दिवाळीनंतर आहे, पावसात वर्ग बंद असतो कारण खळ्यावर मांडव नसतो. चारचाकी पाणंदीत जात नाही, रस्त्यावर लावून चालत जा, परतताना बॅटरी हवी. एसटीने येणार असाल तर परतीची गाडी आधी बघून ठेवा, वर्ग वेळेवर सुटेल या भरवशावर राहू नका. आणि मोठ्या अक्षरातली फाईल हवी असेल तर नाव देतानाच सांगा, मागाहून मिळत नाही.